शंभर खोटी उत्तरं आणि एक चपलांचं दुकान

बसमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, हेडफोन विसरलेल्या अवस्थेत हा एपिसोड वाचत असाल, तर हा लिखित मजकूर तुमच्यासाठी. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधलं अडखळणं काढून टाकलंय.

आज सुरुवात एका कबुलीने करतो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, रात्री दीड वाजता, पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी पायथनमध्ये बावीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, माझ्या सर्व्हेला शंभर खोटी उत्तरं तयार करणं. नोकरी सांभाळून मी एमबीए करत होतो. शेवटच्या सेमिस्टरला स्वतंत्र संशोधन प्रकल्प असतो. विषय स्वतः निवडायचा, माहिती स्वतः गोळा करायची, ऐंशी-शंभर पानांचा अहवाल बांधून द्यायचा आणि मग तोंडी परीक्षा. मी विषय घेतला होता 'लहान शहरांतील पादत्राणे विक्रेत्यांचा नफा'. 'किमान शंभर उत्तरं हवीत' असं सांगण्यात आलं होतं. माझ्याकडे होती सात. त्यातली दोन माझ्या मावसभावांची, आणि त्यांचा चपलांशी संबंध फक्त घालण्यापुरता.

ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, 'अरे, सगळे घरी बसूनच भरतात.' म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला. एक ते पाच गुणांची उत्तरं, बहुतेक तीन-चारच्या आसपास, मध्येच एखादा वैतागलेला दुकानदार सगळीकडे एक देणारा, म्हणजे खरं वाटावं. एका सेकंदाच्या आत शंभर दुकानदार जन्माला आले. आलेख सुरेख आले आणि माझं गृहीतक सिद्ध झालं. न होऊन सांगतं कुणाला? दुकानदारही मीच होतो आणि गृहीतकही माझंच होतं.

ती फाईल मी जमा केली नाही. पण माझा प्रामाणिकपणा अचानक जागा झाला, असं काही नाही. कारण जरा घरगुती होतं.

दुकान

माझ्या वडिलांचं कराडला चपला-बुटांचं दुकान आहे. जागा आजोबांनी घेतलेली, स्वतःची. मी लहानाचा मोठा झालो तो बुटांच्या खोक्यांमध्येच. जूनमध्ये शाळेच्या काळ्या बुटांची गर्दी, दिवाळीत घरचं सगळं गणगोत एकदम दुकानात, आणि बाकी वर्षभर बाबा गल्ल्यावर पेपर वाचताना. दुपारी बाबा जेवून आडवे होतात तेव्हा आई दुकानात बसते. एक पोरगा कामाला असतो, तो माळ्यावरून खोकी काढून देतो.

मागच्या वर्षी जानेवारीत मोबाईल विकणाऱ्या एका दुकानदाराने बाबांना विचारलं, 'काका, जागा भाड्याने देता का? महिना बावीस हजार देतो.' बाबांनी मला फोन केला. 'तू एमबीए करतोयस ना? मग सांग, काय करू?'

मी ताबडतोब विचारलं, 'बाबा, दुकानाचा वर्षाचा नफा किती?'

ते म्हणाले, 'चालतंय की.'

आता कळलं? माझा प्रकल्पाचा विषय कुठून आला ते. आणि त्या रात्री खोट्या शंभर दुकानदारांच्या सरासरीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की 'काय करू' याचं उत्तर या फाईलमध्ये नाहीये. बाबा एकसष्ट वर्षांचे. मी काही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मुलगा शिकलेला आहे म्हणून, फक्त तेवढ्यासाठी ऐकलं असतं. त्याची मला भीती वाटली.

म्हणून झोप उडाल्यावर मी वाचायला लागलो. कुणीतरी पहिल्यांदा दुकानदाराला 'नफा किती' असं विचारलं असेल ना? त्याला काय उत्तर मिळालं? तर मंडळी, आजची गोष्ट इथून मागे जाते. थेट १९११ पर्यंत.

१९११: एक सुंदर गोष्ट

१९११ हे साल लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या.

पहिली, फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरचं 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वं' सांगणारं पुस्तक आलं. मॅनेजमेंटच्या पहिल्या सेमिस्टरला टेलर सगळ्यांना भेटतो. त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट बेथलेहेम स्टील कंपनीतली, १८९९ सालची. कामगार कच्च्या लोखंडाच्या कांबी उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरायचे. एक कांब सुमारे ४२ किलोची. एक माणूस दिवसाला साडेबारा टन माल भरायचा. टेलर सांगतो की त्याने 'श्मिट' नावाचा कामगार निवडला. कधी उचल, कधी चाल, कधी बस, हे माणूस लावून त्याला सांगितलं आणि तोच श्मिट दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरायला लागला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी साठेक टक्के जास्त.

गोष्ट एकदम गोळीबंद आहे. सुरुवात आहे, नायक आहे, आकडे आहेत. जगभरच्या कारखान्यांनी ती डोक्यावर घेतली.

१९७४ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं काढून ही गोष्ट तपासली. टेलरने ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली होती आणि मूळ नोंदींशी ती बऱ्याच ठिकाणी जुळत नव्हती. श्मिटचं खरं नाव हेन्री नोल. नोल हा खराखुरा माणूस होता आणि तो भरपूर माल भरायचा, हेही खरं. पण पुस्तकातल्या गोष्टीला जी गुळगुळीत चकाकी होती, ती नोंदींमध्ये नव्हती.

हे वाचताना मला माझे आलेख आठवले. टेलरची आणि माझी बरोबरी नाही. तो माणूस निदान आवारात उभा तरी राहिला होता. पण आधी निष्कर्ष ठरवायचा आणि मग आकड्यांना त्याच्या मापाचे कपडे शिवायचे, हा मोह मला आता ओळखीचा झाला होता.

१९११: एक कंटाळवाणा फॉर्म

त्याच वर्षातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. मला ती जास्त आवडते.

हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं. एमबीए ही पदवी तिथूनच आली. पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. त्यांच्यापुढे अडचण अशी की विद्यार्थी आले, पण शिकवायचं काय? व्यापार कसा चालतो याची खात्रीची माहितीच कुणाकडे नव्हती. शिकागोचे एक प्रकाशक होते, आर्च शॉ, व्यापाराविषयीचं मासिक चालवायचे. त्यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये तिथे 'ब्युरो ऑफ बिझनेस रिसर्च' सुरू झाला. विद्यापीठाने व्यापाराचा अभ्यास करायला खास खातं उघडणं, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

आता सांगा, पहिला विषय काय घेतला असेल? रेल्वे? पोलाद? तेल?

त्यांनी घेतला बूट. बुटांची किरकोळ विक्री. मी खुर्चीत सरळच बसलो.

प्रश्न साधा होता, बुटाचा एक जोड विकायला दुकानदाराला खर्च किती येतो? ब्युरोची माणसं दुकानदारांकडे गेली आणि पहिल्याच फटक्यात गाडी अडली. दुकानदार आकडे देत नव्हते असं नाही. पण प्रत्येकाची वही वेगळी. एक जण मालाची वाहतूक खरेदीत धरायचा, दुसरा खर्चात. एक जण दिलेली सूट विक्रीतून वजा करायचा, दुसरा करायचाच नाही. 'नफा' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी, पण प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ निराळा. अशा आकड्यांची सरासरी काढणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज.

मग त्यांनी काय केलं? त्यांनी सर्व्हे पुढे रेटला नाही. आधी बुटांच्या दुकानदारांसाठी हिशेबाची एक सारखी पद्धत तयार केली. कुठला खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, त्या रकान्याचा अर्थ काय, सगळं स्पष्ट. १९१३ मध्ये त्यांची पहिली पुस्तिका निघाली, त्यात बूटविक्रीचे सुरुवातीचे आकडे होते. १९१४ मध्ये किराणा दुकानदारांसाठीही तशीच पद्धत आली.

त्या पद्धतीतले तीन रकाने माझ्या काळजाला लागले. एक, दुकान स्वतःच्या मालकीचं असलं तरी भाडं खर्चात धरा, बाहेर दिलं असतं तर मिळालं असतं तेवढं. दोन, मालक स्वतः राबत असेल तर त्याचा पगार खर्चात धरा. तीन, दुकानात स्वतःचा पैसा अडकला असेल तर त्याचं व्याज खर्चात धरा. हे सगळं वजा करून जे उरेल, तो नफा.

म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी बॉस्टनजवळच्या काही मंडळींनी माझ्या बाबांच्या 'चालतंय की'ची चिरफाड करून ठेवली होती.

वही उघडली

शनिवारी सकाळी मी कराडची एसटी धरली. बाबांना म्हटलं, वही काढा.

बाबांकडे रोजमेळ असतो, रोज रात्री लिहितात. उधारीची वही वेगळी. होलसेलरची बिलं एका खोक्यात, आणि ते खोकं अर्थातच बुटाचं, नऊ नंबरचं. दोन शनिवार-रविवार आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो.

आकडे सांगतो, बाबांनी परवानगी दिलीय. वर्षाची विक्री सुमारे २४ लाख. खरेदी वजा करून हातात राहिले ७ लाख २० हजार. पोराचा पगार १ लाख २० हजार, वीजबिल, पिशव्या, दुरुस्ती वगैरे धरून १ लाख. उरले ५ लाख. बाबा खुश झाले. 'बघ, म्हटलं होतं ना? चालतंय.'

मग मी तो शंभर वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला. जागेचं भाडं, मोबाईलवाल्याच्या भावाने, वर्षाला २ लाख ६४ हजार. बाबांचा पगार, महिना १५ हजार धरून १ लाख ८० हजार. दुपारी आई बसते, तिचे महिना ६ हजार धरून ७२ हजार. दुकानात १२ लाखांचा माल पडून असतो, तेवढे पैसे बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी ८४ हजार. बेरीज बरोबर ६ लाख.

पाच वजा सहा. वर्षाला एक लाख तोटा.

बाबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'तू माझ्याच जागेचं भाडं मलाच लावतोस?'

मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. जागा देऊन टाका, घरी बसा. मी ते बोलणारही होतो. पण बाबांनी कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'हे पंधरा हजार कुठून आणलेस? मला या वयात पंधरा हजारांची नोकरी कोण देणार आहे? तू देतोस?'

मी गप्प. कारण हा मुद्दा भावनेचा नव्हताच, हिशेबाचा होता. हार्वर्डच्या रकान्यामागचा विचार असा की मालक दुसरीकडे राबला असता तर त्याला काहीतरी मिळालं असतं. बाबांना दुसरीकडे काही मिळणारच नसेल, तर त्या रकान्यात शून्य येतं. आणि शून्य घातलं की एक लाखाचा तोटा ८० हजारांचा फायदा होतो. वही तीच, दुकान तेच, एका रकान्याचा अर्थ बदलला आणि उत्तर उलटं.

माझ्या शंभर खोट्या दुकानदारांपैकी एकानेही मला हे विचारलं नव्हतं.

पुण्यात हे आधीच झालं होतं

त्यानंतर मी कराड, मलकापूर, ओगलेवाडी, उंब्रज, इस्लामपूर अशा गावांत मिळून चौदा दुकानांत गेलो. नऊ जणांनी वही दाखवली किंवा निदान आकडे सांगितले. पहिला प्रश्न बदलला होता. 'नफा किती' असं मी विचारलंच नाही. विचारलं, 'तुम्ही नफा कशाला म्हणता?' एक म्हणाले, रात्री गल्ल्यात उरतं ते. दुसरे म्हणाले, एका जोडामागे सुटतात ते. तिसऱ्यांनी सरळ सांगितलं, सीए लिहितो तो. फॉर्मवर या तिघांनीही 'समाधानकारक, चार गुण' असंच ठोकलं असतं.

तेव्हाच एका मित्राने, जो अर्थशास्त्र शिकलाय, मला म्हटलं, 'हे सगळं अमेरिकेतून कशाला आणतोस? तू राहतोस त्या पुण्यातच बघ ना.'

आणि खरंच. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकून आलेले, भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा तिथला प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला. असा माणूस चलन, व्यापार, साम्राज्य अशा भारदस्त विषयांवर आयुष्यभर लिहीत बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक, १९३३ चं, कशावर आहे माहितेय? पुण्यातल्या फळांच्या विक्रीवर. बाजारात फळ कसं येतं, कुणाच्या हातातून जातं, कुठे काय कापलं जातं. १९३५ मध्ये दुसरी पाहणी आली, मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार बस वाहतुकीवर. तेव्हा एसटी नव्हती. खासगी मोटारी धावायच्या. पुढे पुणे शहराची मोठी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

फळवाला आणि मोटारवाला. आज यातला कुठलाही विषय घेऊन गेलो असतो तर 'जरा स्ट्रॅटेजिक काहीतरी घ्या' असं ऐकायला मिळालं असतं.

गाडगिळांची गोष्ट तिथे थांबत नाही. विठ्ठलराव विखे पाटील प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, ते एका खऱ्या कारखान्याच्या हिशेबाला जबाबदार झाले. नंतर ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही होते, पण मला त्यांचं अध्यक्षपद जास्त मोठं वाटतं. पाहणी करणारा माणूस पाहणीनंतर तिथून निघून गेला नाही.

आणि पुन्हा बूट

तुम्ही म्हणाल, हे सगळे प्राध्यापक. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून कधी काही निघालंय का?

निघालंय, आणि तेही बुटांतूनच. फिल नाईट नावाचा मुलगा स्टॅनफर्डला एमबीए करत होता, १९६२ ला पदवी मिळाली. जाता जाता सांगतो, आपल्या मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये सुरू झाली ती याच स्टॅनफर्डच्या सहकार्याने. तर, लघुउद्योगाच्या वर्गात फ्रँक शॅलनबर्गर यांच्याकडे नाईटने एक शोधनिबंध लिहिला. त्याचं शीर्षकच एक प्रश्न होतं. जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांचं जे केलं, ते जपानी खेळाचे बूट जर्मन बुटांचं करू शकतील का?

वर्गात सादर केला तेव्हा कुणाला फार रस वाटला नाही, असं त्याने स्वतःच नंतर आत्मचरित्रात लिहिलंय. प्रकल्प संपला, मार्क मिळाले. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. १९६२ च्या शेवटी तो जपानला गेला आणि कोबे शहरात ओनित्सुका कंपनीच्या दारात उभा राहिला. नमुन्याचे बारा जोड यायलाच वर्षाहून जास्त काळ गेला. १९६४ मध्ये त्याचे कॉलेजचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आणि तो, दोघांनी पाचपाचशे डॉलर घालून कंपनी काढली. हा पठ्ठ्या गाडीच्या डिकीत जोड टाकून धावण्याच्या शर्यतींना जायचा आणि तिथे विकायचा. १९७१ मध्ये त्यांनी नवं नाव घेतलं, नायकी.

आता ही गोष्ट ऐकून 'माझाही प्रकल्प उद्याची नायकी' असं कुणी समजू नका. तशा गोष्टी हजारात एक. मला त्यात दुसरंच दिसतं. नाईट स्वतः कॉलेजच्या संघातून धावलेला होता. बूट चावतो कुठे, हे त्याला पायाने माहीत होतं. प्रश्न त्याच्या स्वतःच्या अंगणातला होता, म्हणून मार्क मिळाल्यावरही संपला नाही. आणि प्रश्नाचं उत्तर त्याला निबंधात सापडलं नव्हतं. निबंधाने त्याला फक्त कुठे जायचं ते सांगितलं.

तोंडी परीक्षा

अहवाल जमा केला. शंभर नाहीत, नऊ दुकानं. परीक्षकांनी पान उलटवून विचारलं, 'सॅम्पल फक्त नऊ?'

मी म्हटलं, 'हो सर. नऊ आहेत, पण नऊही खरे आहेत.' मग सांगितलं की या नऊवरून मी जिल्ह्याचा निष्कर्ष काढलेला नाही. नफा या शब्दाचे किती अर्थ निघतात आणि त्यामुळे दुकान विकायचा-ठेवायचा निर्णय कसा उलटतो, एवढंच दाखवलंय. त्यांनी पाच मिनिटं बाबांच्या पगाराच्या रकान्यावरच वाद घातला. ग्रेड मिळाली बी प्लस. ग्रुपवरच्या घरबसल्या फॉर्म भरणाऱ्यांना ए मिळाली, हेही सांगून टाकतो. नाहीतर हा एपिसोड बोधकथा होईल.

तुमच्यापैकी कुणी असा प्रकल्प करत असाल, तर माझ्याकडून एवढंच. फॉर्म पाठवायच्या आधी पाच जणांसमोर बसा आणि तुमचा मुख्य शब्द, मग तो 'समाधान' असो, 'नफा' असो की 'ग्राहक', त्यांच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते विचारा. उत्तरं वेगवेगळी आली तर घाबरू नका. तुमचा प्रकल्प तिथेच सुरू झालाय. आणि संख्या कमी पडली तर कमी आहे असं लिहा. मार्गदर्शकांना आधीच भेटून सांगा. मी शेवटच्या आठवड्यात सांगितलं, ती चूक करू नका.

मग दुकानाचं काय झालं?

जागा दिली नाही. बाबांचं म्हणणं असं पडलं की मोबाईलवाला तीन वर्षांनी उठून गेला तर भाडंही गेलं आणि तोवर गिऱ्हाईकही दुसरीकडे गेलेलं. मी कागदावर तो धोका धरलाच नव्हता. पण त्यांनी एक गोष्ट केली. बारा लाखांच्या मालातला कुठला माल किती दिवस पडून आहे, याची यादी आम्ही केली होती. लेडीज फॅन्सी सँडलचे काही जोड चार-चार वर्षं माळ्यावर होते. बाबांनी ते गणपतीच्या आधी पडेल भावात काढून टाकले आणि ती लाईनच बंद केली. आता माल नऊ लाखांच्या आसपास असतो. म्हणजे व्याजाचे २१ हजार वाचले.

आणि आई. त्या दोन शनिवार-रविवारांत ती फारसं बोलली नव्हती, बिलं लावून देत होती. अहवाल बांधून आल्यावर मी कौतुकाने तिच्या हातात दिला. तिने नेमकं ते पान काढलं आणि विचारलं, 'माझे सहा हजार कुणी ठरवले?'

मी म्हटलं, 'मी. अंदाजाने.'

'बाबांना पंधरा आणि मला सहा?'

'आई, तू फक्त दुपारी बसतेस.'

'आणि जूनमध्ये? दिवाळीत? आणि उधारीची वही कोण लिहितं?'

उधारीच्या वहीतलं अक्षर तिचं आहे, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण माझ्या शंभर पानांत ते कुठेही नव्हतं. चौदा दुकानं फिरलो, 'नफा कशाला म्हणता' असं प्रत्येकाला विचारलं आणि घरातल्याच एका भागीदाराला काहीच विचारलं नाही.

आता तिच्या खात्यात दर महिन्याला आठ हजार जमा होतात. सूचना मीच बँकेच्या ॲपवर लावून दिलीय, पैसे दुकानाच्या खात्यातून जातात. त्यामुळे वर्षाला खर्च २४ हजारांनी वाढला. विक्री आणि बाकी खर्च तेवढेच धरले, तर बाबांचा पगार धरून तोटा एक लाख तीन हजार. न धरता फायदा ७७ हजार. दोन्ही आकडे दुकानात गल्ल्याच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलेत. बाबांना कुणी विचारलं, 'काय, धंदा कसा?' तर अजूनही म्हणतात, 'चालतंय की.' पण हल्ली ते म्हणण्याआधी एकदा त्या कागदाकडे बघतात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर घरी कुणाची वही असेल, तर उघडून बघा. आणि त्यातलं अक्षर कुणाचं आहे, तेही विचारा.